वाचकांचे प्रश्न : आधार, सोय आणि आवड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून ही चार एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ६२ वर्षांची असून कर्वे पुतळ्याजवळ राहते. बँकेतून निवृत्त झाले. यजमानांना जाऊन चार वर्षे झाली. मुलगा आणि सून वाकडला असतात. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला म्हणून मी फिजिओथेरपीला जात होते. तिथे एकाच दाराच्या दोन बाजूंना लावलेल्या पुलींवर माझ्याबरोबर आणखी एक गृहस्थ व्यायाम करत. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली आहेत. मला अंबाडा घालता येत नसे आणि त्यांना सदऱ्याची बाही चढवता येत नसे. आमची ओळख झाली ती या तक्रारींमधून. आता दोघांचेही खांदे बरे झाले आहेत, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही भेटतो. त्यांनी एकत्र राहण्याविषयी विचारले आहे. या वयात माणसाला आधार लागतो, हे मला पटते. मुलगा म्हणतो, एकटे वाटत असेल तर आमच्याकडे येऊन राहा. मला त्यांचाच आधार हवा आहे, की एकटेपणा घालवण्यासाठी मी कोणाचा तरी आधार शोधते आहे, हे कसे ओळखावे? आणि यजमानांच्या स्मृतीशी ही प्रतारणा तर होणार नाही ना?

उत्तर : तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि त्यात ‘आधार’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. मी मोजले. ‘ते मला आवडतात’ हे वाक्य मात्र चार पानांत कुठेही नाही. तिसऱ्या पानाच्या शेवटी, जवळजवळ समासात, तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे. ज्या सकाळी त्यांना सदऱ्याची बाही पहिल्यांदा स्वतःहून चढवता आली, त्या सकाळी सव्वासात वाजता त्यांनी ते सांगायला तुम्हाला फोन केला. तुम्ही ओट्यापाशी उभ्या होतात, दूध उतू गेले आणि तुम्ही हसत राहिलात. आधार देणाऱ्या माणसाच्या फोनमुळे दूध उतू जात नाही, बाई.

एकटेपणाही तुमच्या पत्रात आहेच, तो मी नाकारत नाही. पूर्वी दीड महिन्यात संपणारी गॅसची टाकी आता साडेतीन महिने पुरते आणि टाकी आणून देणाऱ्या मुलाने ‘काकू, गावाला गेला होतात का?’ असे विचारले, हे वाचून मी काही वेळ पुढचे पान उलटले नाही. परंतु एकटेपणा आणि ओढ यांतला फरक ओळखण्याची एक साधी खूण माझ्या कामात मला अनेकदा उपयोगी पडली आहे. एकटेपणाला कोणीही चालते; शेजारच्या काकू, फोनवरची मैत्रीण, दूरदर्शन संचावरची मालिकाही चालते. दिवाळीत मुलगा, सून आणि नातवंडे घरी आलेली असताना, घर भरलेले असताना, काही गमतीचे घडले की ते कोणाला सांगावेसे वाटते, हे आठवून पाहा. भरल्या घरातही सांगायचे माणूस तेच असेल, तर तो एकटेपणा नव्हे. मुलाचे निमंत्रण मनापासूनचे आहे आणि त्याचा मान ठेवावा, पण तो तुम्हाला एक खोली देऊ करतो आहे. तुमचा प्रश्न खोलीचा नाही.

‘आधार’ या शब्दामागे आपण का दडतो, याचे थोडे उत्तर तुमच्या घराजवळच्या पुतळ्यापाशी आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. विधुराला त्या काळी कुमारिका सहज मिळत असे, किंबहुना तसाच रिवाज होता; परंतु कर्व्यांनी १८९३ मध्ये पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या आणि पुढे त्या आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. या विवाहाबद्दल मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना बहिष्कृत केले. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती, तरी ही स्थिती होती. पुढे समाज बदलला आणि पुतळेही उभे राहिले, पण पुनर्विवाह आपण स्वीकारला तो ‘सुधारणा’ म्हणून, म्हणजे एका दुःखी जिवाची सोय लावण्याचे पुण्यकर्म म्हणून. त्या जिवाला दुसरे माणूस आवडू शकते, ही गोष्ट आपण अजून पुरती मान्य केलेली नाही. म्हणून बासष्टाव्या वर्षी एक सुशिक्षित, स्वतःचे निवृत्तिवेतन घेणारी स्त्री चार पानांत अकरा वेळा आधार मागते. बँकेत आयुष्य काढलेल्या आणि दोन्ही खांदे आता शाबूत असलेल्या तुम्हाला आधाराची तशी फारशी गरज दिसत नाही.

प्रतारणेविषयी एवढेच सांगेन की यजमानांचा विषय निघाला की हे गृहस्थ काय करतात, ते पाहावे. ते विषय बदलत असतील, किंवा आपल्या पत्नीविषयी तासभर बोलून तुमची पाळी आली की घड्याळ पाहत असतील, तर थांबावे. ऐकून घेत असतील, मध्येच ‘त्यांना चहा कसा लागायचा?’ असे काही विचारत असतील, तर यजमानांची तसबीर त्या घरातही निर्धास्तपणे लावता येईल.

मात्र निर्णय मंगळवार आणि शुक्रवार या दोन वारांवर घेऊ नका. आठवड्यातले ते चार तास माणूस इस्त्रीचे कपडे घालून येतो. दोघांनी मिळून काही साधे, कंटाळवाणे दिवस काढावेत. घरकामाला येणाऱ्या मावशींशी ते कसे बोलतात, सर्दी झाली की किती कण्हतात, बातम्या किती मोठ्या आवाजात लावतात आणि पैशाचा विषय निघाला की सरळ उत्तर देतात का, हे सारे त्या दिवसांत आपोआप कळते. शेवटच्या मुद्द्याचा तपशील पुढच्या उत्तरात आहे. तो आपणही वाचावा.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा विधुर असून बिबवेवाडीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन मुले आहेत. एका वधूवर मेळाव्यात ५९ वर्षांच्या एका विधवा बाईंशी ओळख झाली आणि आम्ही एकत्र राहण्याचे ठरवत आहोत. त्यांचे पती खासगी कारखान्यात होते आणि भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून त्यांना निवृत्तिवेतन मिळते, ते लग्न केल्यास बंद होईल असे ऐकतो. माझे मृत्युपत्र पूर्वीच झालेले आहे. लग्न न करता राहणे अधिक सोयीचे नाही का?

उत्तर : सोयीचे कोणाला, हे आधी पाहू. तुम्ही ऐकले ते खरे आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ या योजनेतील विधवा निवृत्तिवेतन मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंतच मिळते. परंतु ती रक्कम नेमकी किती आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. या योजनेत किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये आहे आणि अनेकांना त्याच्या आसपासच मिळते. तेवढ्या रकमेसाठी एका स्त्रीने पुढची वीस वर्षे कायद्याच्या दृष्टीने परकी म्हणून राहावे का, याचा हिशेब दोघांनी कागदावर मांडावा. रक्कम मोठी असेल तर हिशेब वेगळा होईल. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम याहून निराळे असतात; ज्या वाचकांचा तसा प्रश्न असेल त्यांनी संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

आता दुसरी बाजू. लग्न न करता राहिल्यास त्या तुमच्या वारस ठरणार नाहीत. विवाहसदृश नात्यात राहणाऱ्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने काही संरक्षण दिले आहे, पण वारसाहक्क दिलेला नाही. लग्न केल्यास हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ अन्वये पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस असते आणि मृत्युपत्र नसेल तर तिला मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो. तुमच्याकडे मृत्युपत्र आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. हिंदू व्यक्तीने केलेले मृत्युपत्र तिच्या नंतरच्या विवाहामुळे रद्द होत नाही. म्हणजे तुम्ही उद्या वाजतगाजत लग्न केले आणि ते जुने कागद कपाटात तसेच राहिले, तर तुमच्या पश्चात फ्लॅट मुलांचा होईल आणि त्या बाईंना, पत्नी असूनही, पिशवी भरावी लागेल.

म्हणून लग्न करा किंवा करू नका, मृत्युपत्र नवे करा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, परंतु पुढचे वाद कमी होतात. तुमच्यासारख्या घरांत एक तोडगा पुष्कळदा उपयोगी पडलेला मी पाहिला आहे : फ्लॅटमध्ये हयातीपर्यंत राहण्याचा हक्क पत्नीला आणि तिच्या पश्चात मालकी मुलांना. हा मजकूर मुलांना आधीच वाचून दाखवला की त्यांच्या विरोधातला निम्मा जोर जातो, कारण त्या विरोधात आईच्या आठवणीइतकीच फ्लॅटची काळजीही मिसळलेली असते आणि तसे उघड बोलण्याची कोणाची प्राज्ञा नसते. त्या बाईंनाही एक गोष्ट सांगावी. पहिल्या पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता त्यांच्या पूर्ण मालकीची झालेली आहे आणि पुनर्विवाह केला म्हणून ती कोणी परत मागू शकत नाही. दीर-जावा याच्या उलट सांगतात, असे अनेक पत्रांतून दिसते.

लग्नाचा विधी नको असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते; विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. मुलांपैकी एकजण साक्षीदार झाला, तर त्याहून चांगला अहेर नाही.

आणि राग मानू नये, पण तुमच्या पत्रात ‘सोय’ आहे, फ्लॅट आहे, निवृत्तिवेतन आहे. त्या बाई हसतात कशा, हे कळले नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून बाणेरला राहते. माझी आई २०२१ मध्ये करोनाने गेली. बाबा ६५ वर्षांचे आहेत. सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या एका बाईंशी लग्न करणार असल्याचे त्यांनी मागच्या महिन्यात सांगितले. सोयीसाठीच असेल तर मी स्वयंपाकाला बाई लावून देते, असे मी म्हणाले, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि या रागाची लाजही वाटते.

उत्तर : ते बोलले नाहीत, कारण त्यांना भूक लागलेली नव्हती. तुमच्या रागाची मात्र लाज वाटून घेऊ नका. २०२१ च्या त्या महिन्यांत ज्यांची माणसे गेली, त्यांतल्या अनेकांना नीट निरोपही घेता आला नाही. तुमच्या बाबांचा शोक चार भिंतींत रोज थोडा थोडा झाला आणि तुमचा तसाच बांधून ठेवलेला आहे. आता ते पुढे निघाले की आपली आई मागे राहते, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे.

त्या बाईंना ‘आई’ म्हणण्याची सक्ती कोणी करू नये आणि तुम्हीही स्वतःवर करू नये; ‘मावशी’ म्हणता येते, नावापुढे ‘ताई’ लावता येते. तुम्हाला काय हवे आहे, ते बाबांना स्पष्ट सांगा : आईच्या साड्या कोणाकडे राहतील, तिचे दागिने कुठे जातील, तिच्या तिथीला काय होईल. माझ्या माहितीच्या एका घरात पहिल्या पत्नीच्या तिथीला दुसरी पत्नी आठवणीने अळूचे फतफते करते, कारण ते तिला आवडत असे, आणि पान स्वतः मांडते. मात्र हे तिथे लग्नानंतर सात-आठ वर्षांनी सुरू झाले. पहिल्या वर्षी त्या बाईंनी तुमच्या घरी येऊन नुसता चहा घेतला आणि तुम्ही तो नीट गाळून दिला, तरी पुरे आहे.

प्रश्न : सहकारनगरच्या आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या हौशी नाट्यगटासाठी मी दोन अंकी नाटक लिहितो आहे. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी पावसामुळे घाटात अडकते. एक विधुर आणि एक घटस्फोटित निवृत्त शिक्षिका रात्रभर समोरासमोर बसतात, मन मोकळे करतात आणि दुसऱ्या अंकात लग्न करतात. संहितेच्या वाचनात, नायक तिला गजरा देतो त्या ठिकाणी सगळे हसले. एका स्नेह्यांनी सुचवले की नायिकेला विधवा करा, म्हणजे सहानुभूती मिळेल. हे सदर भावनिक प्रश्नांसाठी आहे याची कल्पना आहे, तरी विचारतो.

उत्तर : योग्य ठिकाणी विचारलेत. ते हसू शंभर वर्षांहून जुने आहे. १८९९ मध्ये देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने म्हाताऱ्या भुजंगनाथाला रंगभूमीवर उभे केले, तेव्हा प्रेक्षक हसले ते योग्यच होते, कारण पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न लावू पाहणाऱ्या थेरड्याला हसणे हे त्या काळी एक शस्त्र होते. पुढे तसे भुजंगनाथ दुर्मिळ झाले, पण हसण्याची सवय तशीच राहिली आणि आता पांढरे केस आणि गजरा एकत्र दिसले की समोर कोण आहे हे न पाहताच ती उसळते. तुमच्या नाटकात दोघे समवयस्क आहेत, दोघांची मर्जी आहे, कोणी कोणाला विकत घेतलेले नाही. तरी गजरा दिसला की सभागृहाला भुजंगनाथच दिसणार. ते हसू टाळता येणार नाही, म्हणून आधी नायिकेला हसू द्या. तिचे केस आखूड कापलेले असू द्यात. ‘अहो, हा माळू कुठे?’ असे म्हणून ती हसेल, त्याच्याबरोबर प्रेक्षकही हसतील, आणि मग ती तो गजरा पर्सच्या बंदाला गुंडाळून ठेवेल. पुढची पाच मिनिटे तो तिथे लोंबकळत राहील आणि कोणी हसणार नाही.

नायिकेला विधवा मुळीच करू नका. विधवेला सहानुभूती मिळते, कारण तिचे नशीब वाईट होते असे आपण मानतो. घटस्फोटितेकडे मात्र ‘हिचेच काहीतरी असेल’ म्हणून पाहतो. तिचा पहिला नवरा जिवंत आहे, भाच्याच्या मुंजीत पंगतीला समोर बसतो आणि लोक एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघतात. पुन्हा कोणावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे विधवेपेक्षा अधिक टोकदारपणे उभा राहतो. तुमच्या नाटकाचा गाभाच तो आहे आणि स्नेही तोच काढून टाका म्हणत आहेत.

माझी खरी हरकत दुसऱ्या अंकाला आहे. अनोळखी माणसापुढे मन मोकळे करणे सोपे असते, कारण तो पुढच्या स्टेशनवर उतरणार असतो. अडकलेल्या गाडीत, अंधारात, पावसात कोणीही आपले आयुष्य सांगेल. अवघड असते ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात, कोरड्या उजेडात, त्या माणसाचा क्रमांक फिरवणे. आपण फार बोललो, याची शरम वाटते; त्याने ते सारे कोणाला सांगितले असेल, अशी शंका येते. तुमच्या संहितेत पहिल्या अंकाचा पडदा घाटात पडतो आणि उघडतो तो थेट मुलांच्या विरोधावर. मधला पंधरवडा कुठे गेला? फोन कोणी केला, किती वेळा क्रमांक लावून तोडला, आणि भेटायचे ठरल्यावर काय निमित्त सांगितले, हाच दुसरा अंक आहे. मुलांचा विरोध दोन प्रवेशांत आटोपता येईल. तो आपण सर्वांनी पुष्कळ पाहिला आहे.

एकटेपणा संवादांतून सांगू नका. ‘या वयात सोबत हवी’ हे वाक्य नायकाच्या तोंडी सहा वेळा आहे. सहाही ठिकाणी काढून टाका. (या अंकातली वरची उत्तरे वाचल्यावर कारण लक्षात येईल.) त्याऐवजी तुमच्याच संहितेत एक सोन्यासारखी गोष्ट पहिल्या पाच पानांत वाया गेली आहे : नायकाच्या पत्नीची दृष्टी शेवटच्या वर्षांत अधू झाली होती, म्हणून प्रवासात स्टेशनांची नावे तिला मोठ्याने वाचून दाखवण्याची त्याला सवय लागली आणि ती आता एकटा असतानाही सुटलेली नाही. पहाटे गाडी घाटातून सुटल्यावर ‘लोणावळा’, ‘तळेगाव’, ‘चिंचवड’ असे तो पुटपुटत राहू द्या; समोरच्या बाईला प्रथम ते विचित्र वाटू द्या आणि मग कारण कळू द्या. तो पुटपुटणे कशासाठी करतो, हे कळल्यावर त्याला निराळे रडण्याची गरज उरणार नाही.

शेवटचा लग्नाचा प्रवेश काढून टाका. त्या जागी पुन्हा तीच गाडी ठेवा, काही महिन्यांनंतरची. दोघे मुंबईहून परत येत आहेत. खडकी येते, जाते, आणि तो काही बोलत नाही, कारण त्याचा डोळा लागला आहे. ती खिडकीतून बाहेर पाहते, त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि हलक्या आवाजात म्हणते, ‘शिवाजीनगर.’ तिथे पडदा पाडा.

प्रयोगाची तारीख ठरली की कळवावे. फक्त मंगळवार आणि शुक्रवार टाळता आले तर पाहा; या सदराच्या निदान एका वाचकेला त्या दिवशी वेळ नसतो.